लेबल प्रिंटर परत अडलाय? आधी रोल बघा, मग विंडोजला शिव्या द्या

मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या होम इन्फ्युजन फार्मसींना सॉफ्टवेअर सपोर्ट देते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले की न्यू यॉर्कला सकाळचे नऊ होतात (थंडीत त्यांची घड्याळं सरकली की साडेसात), आणि त्या वेळेचा पहिला फोन बहुतेकदा सॉफ्टवेअरबद्दल नसतोच, "लेबल येत नाहीये" हाच असतो. ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेशंट घरीच असतो, त्याला शिरेतून द्यायची अँटिबायोटिक्स किंवा टीपीएन, म्हणजे तोंडानं जेवता येत नाही म्हणून शिरेतून दिलं जाणारं पोषण, हे फार्मसी निर्जंतुक खोलीत बनवते, बॅगेवर लेबल लावते आणि घरपोच पाठवते. घरी ती बॅग लावणारा माणूस पुष्कळदा पेशंटची बायको नाहीतर मुलगा असतो, नर्स काही रोज येत नाही. मग औषध कुणाचं, कशात काय किती घातलंय, किती वेगानं सोडायचं, कधीपर्यंत वापरायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं की बाहेर, हे सगळं त्या माणसाला बॅगेवरच्या लेबलवरूनच कळतं. म्हणून इथं लेबल अजिबात न येणं परवडतं, अर्धवट बरोबर लेबल परवडत नाही, आणि खालचा सगळा क्रम मी त्याच हिशोबानं लावलाय.

तक्रारी कुठल्या येतात

फिरून फिरून त्याच. एकाआड एक लेबल कोरं येतं किंवा मजकूर दर लेबलला थोडाथोडा खाली सरकत जातो आणि शेवटी दोन लेबलांच्या मधल्या फटीवर छापला जातो. छपाई फिकट, किंवा प्रत्येक लेबलवर त्याच जागी उभी पांढरी रेघ. पूर्ण कोरं लेबल, प्रिंटर मात्र मजेत फिरतोय. टीपीएनच्या लांबलचक लेबलच्या शेवटच्या ओळी गायब. लेबल कोपऱ्यात एवढंसं छापलेलं, बाकी सगळं पांढरं. प्रिंटर "ऑफलाइन" दिसतो आणि अर्ध्या तासानं अचानक सगळी लेबलं एकदम ओकतो. दिसायला बारकोड छान पण स्कॅनर वाचत नाही. आणि शेवटची, छापताना सगळं ठीक होतं पण बॅग अल्कोहोलनं पुसली की अक्षरं पुसली किंवा फ्रीजमधून काढली की लेबल सुटून आलं.

यातली तुमची कुठली ते नीट विचारून घ्या. फोनवर माणूस घाईत "नॉट वर्किंग" एवढंच म्हणतो, त्याला फोटो पाठवायला सांगा, पण टेस्ट पेशंटचं लेबल छापून त्याचा. खऱ्या पेशंटचं नाव असलेला फोटो मोबाइलवरून आला तर हिपाची, म्हणजे पेशंटची माहिती गुप्त ठेवायच्या अमेरिकेतल्या कायद्याची, वेगळीच डोकेदुखी उभी राहते.

पहिलं काम फुकटातलं: प्रिंट परत दाबू नका

हे सगळ्यात आधी सांगायचं, कारण लेबल आलं नाही की माणूस परत बटण दाबतो, मग परत, मग शेजारचा येऊन त्याच्या कॉम्प्युटरवरून दाबून बघतो. ती सगळी कामं रांगेत साठतात आणि प्रिंटर सुरू झाला की सगळी बाहेर येतात. आता टेबलावर एकाच पेशंटची चार जास्तीची लेबलं पडलीयेत आणि पुढच्या पेशंटची बॅग तिथंच तयार होतेय. चुकीच्या बॅगेवर लेबल जातं ते असंच जातं. तेव्हा हात थांबवा, रांग रिकामी करा, आतापर्यंत बाहेर आलेली लेबलं मोजा, जास्तीची श्रेडरमध्ये टाका आणि नंतर सॉफ्टवेअरच्या रीप्रिंटमधूनच छापा, म्हणजे कुणी किती वेळा छापलं याची नोंद राहते.

रांग नेहमीच्या पद्धतीनं रिकामी होत नसेल, "डिलीटिंग" म्हणून तासभर लटकली असेल, तर प्रिंट स्पूलर (विंडोजमधली ही रांग सांभाळणारी) सर्व्हिस थांबवा, सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरमधलं प्रिंटर्स नावाचं फोल्डर उघडून आतल्या फायली उडवा (फोल्डर नाही, फायली), स्पूलर परत सुरू करा. प्रिंटरही बंद करून चालू करा कारण त्याच्या स्वतःच्या मेमरीतही काही अडकलेलं असतं. आणि हे सर्व्हरवर करत असाल तर आधी ओरडून सगळ्यांना सांगा, सगळ्यांचीच कामं उडतात.

रोल आणि रिबन

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे इथं रोज घडतं. लोक ड्रायव्हर काढून परत टाकतात, आयटीवाल्याला बोलावतात, आणि भानगड निघते ती काल संध्याकाळी बदललेल्या रोलची.

थर्मल प्रिंटर दोन जातीचे. एक डायरेक्ट थर्मल, यात रिबन नसते, कागदालाच रसायनाचा थर असतो आणि उष्णतेनं तो काळा होतो. दुसरा थर्मल ट्रान्सफर, यात रिबनवरची शाई उष्णतेनं कागदावर उतरते. ट्रान्सफरचा साधा कागद डायरेक्ट थर्मल प्रिंटरमध्ये घातला की तो कोराच बाहेर येणार, प्रिंटर बिचारा बरोबर आहे. ओळखायचं कसं, लेबलवर नख जोरात ओढा. काळी रेघ उमटली तर डायरेक्ट थर्मल, नाही उमटली तर रिबनचा कागद. झेब्रा कंपनीच्या जुन्या जीके४२० प्रिंटरमध्ये नावाच्या शेवटी डी असेल तर डायरेक्ट, टी असेल तर ट्रान्सफर, आणि दोन्ही बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात, त्यामुळे एका फार्मसीत दोन्ही असले की रोलची अदलाबदल ठरलेलीच.

रिबनवाला असेल तर रिबन उलटी बसली नाही ना बघा. शाई आतल्या बाजूला आणि शाई बाहेरच्या बाजूला अशा दोन्ही प्रकारच्या रिबनी मिळतात, खरेदीवाल्यानं स्वस्त दिसली म्हणून दुसरीच मागवली की झालं. चिकटपट्टीचा तुकडा रिबनला लावून ओढा, ज्या बाजूची शाई पट्टीवर आली ती शाईची बाजू, आणि ती लेबलकडे तोंड करून हवी. रिबन लेबलपेक्षा किंचित रुंद असावी, अरुंद असेल तर हेडची (ठिपक्याठिपक्यांनी तापून छापणाऱ्या पट्टीची) कड सरळ कागदावर घासते आणि लवकर मरते. हो, आणि वापरलेली रिबन कचऱ्यात टाकू नका! उजेडासमोर धरून बघा, जिथं जिथं शाई उडाली तिथं पेशंटचं नाव, औषध, पत्ता सगळं वाचता येतं. तीही श्रेडिंगच्या डब्यात.

पुसलं जाण्याची तक्रार इथंच सुटते. मेणाची रिबन स्वस्त असते, साध्या कागदावर छान दिसते, पण या फार्मसीत दिवसभर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसापुशी चालते आणि त्यात मेणाची छपाई टिकत नाही. सिंथेटिक लेबल आणि रेझिनची रिबन ही जोडी टिकते. डायरेक्ट थर्मल लेबल तर अल्कोहोल, ऊन आणि उष्णता तिन्हीला घाबरतं, कुरिअरच्या गाडीत उन्हाळ्याच्या टेक्सासमध्ये ते काळपट पडू शकतं. लेबल सुटून येत असेल तर विचारा की ते कधी लावलं. फ्रीजमधून काढलेल्या, दव जमलेल्या बॅगेवर लावलेलं साधं लेबल निघणारच. बॅग कोरडी असताना, फ्रीजमध्ये जायच्या आधी लावायचं, आणि २ ते ८ डिग्रीत टिकणारा गोंद असलेलं लेबल मागवायचं.

प्रिंटरचं स्वतःचं चाचणी लेबल

माझी सगळ्यात लाडकी तपासणी, कारण ती अर्धा प्रश्न एका फटक्यात संपवते. प्रिंटर स्वतःच्या सेटिंगचं लेबल कॉम्प्युटरशिवाय छापू शकतो. जीके४२० सारख्या जुन्या मशीनवर फीडचं बटण दाबून धरा आणि हिरवा दिवा एकदा लुकलुकला की सोडा, नवीन मॉडेलमध्ये बटणांची जोडी वेगळी असते, ती त्याच्या पुस्तिकेत मिळेल. हे लेबल स्वच्छ, ठळक, जागेवर आलं तर प्रिंटर, रोल, रिबन सगळं ठीक, दोष कॉम्प्युटरकडे, खालचे दोन टप्पे सोडून पुढे जा. हेच लेबल फिकट किंवा सरकलेलं आलं तर विंडोजला हात लावायची गरजच नाही.

साफसफाई

उभी पांढरी रेघ म्हणजे हेडवर त्या जागी गोंद किंवा धूळ बसलीय, नाहीतर तिथला ठिपका जळलाय. आधी स्वच्छ करा. प्रिंटर बंद, हेड गार होऊ दे, मग अल्कोहोलचा स्वॅब एकाच दिशेनं हळू फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. आता इथं फार्मसीतली खास गंमत, टेक्निशियनच्या हाताशी निर्जंतुक ७० टक्क्यांचं अल्कोहोल असतंच असतं, ते तो मारतो. त्यात उरलेलं बहुतेक पाणी असतं, हेडला ते नको. हेडसाठी ९९ टक्क्यांचं किंवा कंपनीचे तयार स्वॅब घ्या. नखानं, ब्लेडनं, पेनाच्या टोकानं खरवडू नका, तो हेड हा प्रिंटरमधला सगळ्यात महाग भाग आहे. खालचा रबरी रोलरही पुसा, त्याला चिकटलेल्या गोंदामुळे लेबल सरकतं. साफ करूनही रेघ तिथंच राहिली तर ठिपका गेलाय. आणि ही रेघ बारकोडमधून जात असेल तर एखादी अख्खी काडी गायब होते, स्कॅनर मग काय डोंबलाचं वाचणार.

कॅलिब्रेशन

एकाआड एक कोरं, किंवा मजकूर सरकतोय, तर प्रिंटरला लेबल कुठं संपतं तेच कळत नाहीये. सेन्सर दोन लेबलांमधली फट उजेडानं ओळखतो. लेबलाचा प्रकार बदलला, मागचा कागद जाड आला, सेन्सरवर कागदाचा भुगा बसला की त्याचा अंदाज चुकतो. सेन्सर फुंकून साफ करा, काही मॉडेलमध्ये तो डावी-उजवीकडे सरकतो तर फटीसाठी तो मधोमध आहे ना बघा (रोल बदलताना बोटानं ढकलला जातो, कुणाला पत्ताही लागत नाही), रोलच्या बाजूचे गाइड घट्ट नको, सैलही नको, आणि मग कॅलिब्रेशन करा, म्हणजे लेबल कुठं संपतं ते प्रिंटरला नव्यानं मोजायला लावा. तीन-चार लेबलं वाया जातील, जाऊ देत. ड्रायव्हरमध्ये मात्र "कंटिन्युअस" (बिनफटीचा सलग कागद) निवडलेलं असेल तर कितीही कॅलिब्रेट करा, काही उपयोग नाही.

फिकट छपाईसाठी लोक डार्कनेस एकदम वर नेतात. आधी वेग कमी करा. डार्कनेस फार वाढला की काड्या सुजतात, मधल्या जागा बुजतात, लेबल डोळ्याला झकास दिसतं पण स्कॅन होत नाही, आणि हेड लवकर जळतो ते वेगळंच.

आता कॉम्प्युटर

चाचणी लेबल चांगलं आलं असेल तरच इथं या.

"ऑफलाइन"चं सगळ्यात मोठं कारण म्हणजे प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदललेला असतो. रात्री वीज गेली, राउटर परत सुरू झाला, प्रिंटरला नवा पत्ता मिळाला आणि विंडोज जुन्या घरी पत्र टाकत बसलंय. चाचणी लेबलवर आताचा पत्ता छापलेला असतो, तो आणि विंडोजमधल्या पोर्टचा पत्ता जुळवून बघा. जुळत नसेल तर बदला, आणि राउटरमध्ये तो पत्ता राखून ठेवायला सांगा नाहीतर पुढच्या आठवड्यात परत तोच फोन. पोर्ट डब्ल्यूएसडी प्रकारचा (विंडोजनं प्रिंटर आपोआप शोधून जोडलेला) असेल तर तो काढून साधा टीसीपी/आयपी पोर्ट लावा. पत्ता बरोबर आहे, पिंगही जातंय (म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली की प्रिंटर ओ देतोय), तरी ऑफलाइन दाखवतोय? त्या पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची टिक आहे, ती काढा. विंडोज प्रिंटरला "बाबा आहेस का" विचारतं, त्याला समजेल असं उत्तर आलं नाही की ऑफलाइन ठरवून मोकळं होतं. यूएसबीवाला असेल तर केबल दुसऱ्या भोकात गेलीय का बघा, विंडोज लगेच "कॉपी १" नावाचा नवा प्रिंटर बनवतं आणि सॉफ्टवेअर जुन्यालाच हाका मारतं.

सॉफ्टवेअर क्लाउडवर, म्हणजे रिमोट सेशनमधून चालत असेल तर आणखी एक जुनं दुखणं. तिथं तुमचा प्रिंटर "रीडायरेक्टेड" आणि पुढे सेशनचा आकडा अशा नावानं दिसतो आणि तो आकडा दर लॉगिनला बदलतो. काल सॉफ्टवेअरमध्ये ५ वाला निवडून ठेवला, आज तो ७ झालाय. त्यामुळे "काल चालत होतं हो" हे अगदी खरं असतं. दरवेळी निवडणं हा तात्पुरता उपाय, कायमचा म्हणजे होस्टिंगवाल्याकडून प्रिंटर सर्व्हरवरच थेट जोडून घेणं किंवा सॉफ्टवेअरचं स्वतःचं लोकल प्रिंट टूल असेल तर ते बसवणं.

कोपऱ्यातलं एवढंसं लेबल किंवा तुटलेल्या ओळी म्हणजे पानाचा आकार चुकलाय. ड्रायव्हर परत टाकला की आकार मूळ सेटिंगवर जातो, सॉफ्टवेअर कधी लेटर (अमेरिकेतल्या साध्या कागदाचा) आकार धरून ते लेबलात मावेल इतकं बारीक करतं. आकार दोन ठिकाणी बघा, प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये आणि प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या प्रिंटिंग डिफॉल्ट्समध्ये, पहिला फक्त तुमच्यापुरता असतो आणि दुसरा सगळ्यांसाठी. स्केलिंग कायम १०० टक्के. बारकोडचं मूळही बऱ्याचदा इथंच असतं, २०३ डीपीआयच्या (इंचात २०३ ठिपके छापणाऱ्या) प्रिंटरवर एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके बसतात, काडीची रुंदी पूर्ण ठिपक्यांत हवी, ९३ टक्क्यांवर लहान केलं की कुठली काडी दोन ठिपक्यांची, कुठली तीनची, आणि सगळा हिशोब बिघडतो.

सगळ्या कॉम्प्युटरवर एकाच सकाळी बिघडलं तर विंडोज अपडेटची तारीख बघा. मार्च २०२१ च्या अपडेटनंतर काही ड्रायव्हरांवर छापताना निळा स्क्रीन येत होता, मग काही ठिकाणी लेबलं कोरी किंवा बारकोडशिवाय यायला लागली, मायक्रोसॉफ्टला त्याच महिन्यात नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्त्या सोडाव्या लागल्या. अपडेट स्वतःच्या मनानं काढू नका, पेशंटचा डेटा असलेली मशीन आहेत, आयटीला विचारून.

इथं थांबा

लेबलवरची बीयूडी, म्हणजे कधीपर्यंत वापरायचं ती तारीख-वेळ, चुकीची आली तर तो प्रिंटरचा दोष नाही. छपाई तिथल्या तिथं बंद करा, फार्मसिस्टला सांगा आणि सॉफ्टवेअर कंपनीला फोन करा. एक नेहमीचं कारण म्हणजे सर्व्हरचा टाइम झोन. ॲरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळं बदलत नाही, त्यामुळे तिथल्या सर्व्हरचं न्यू जर्सीशी अंतर कधी दोन तास, कधी तीन. पण कारण शोधणं त्यांचं काम, तुम्ही सेटिंग चाचपडत बसायचं नाही.

डोस, वेग, नाव किंवा साठवणीची ओळ कापली गेली असेल तर पेननं लिहून काम भागवू नका आणि कुणाला भागवूही देऊ नका. अशी लेबलं लागलेल्या बॅगा आधीच बाहेर गेल्यात का, हे फार्मसिस्ट ठरवेल, तो प्रश्न त्याच्यापर्यंत लगेच पोचवणं एवढं आपलं. लेबलचा साचा बदलायचा असेल तरी तेच, यूएसपी ७९७ मध्ये (निर्जंतुक औषधं बनवण्याचं अमेरिकेतलं मानक) लेबलवर काय असलंच पाहिजे हे ठरलंय (सुधारित आवृत्ती १ नोव्हेंबर २०२३ पासून लागू आहे), एक ओळ मावत नाही म्हणून फॉन्ट सहावर आणणं हा आयटीचा निर्णय नव्हे.

हार्डवेअरचं म्हणाल तर साफ करूनही राहिलेली रेघ, जळका वास, चालू केल्याकेल्या लाल दिवा, रिबनला सतत सुरकुत्या, इथं सर्व्हिसवाला बोलवा. हेड काही मॉडेलमध्ये घरच्या घरी बदलता येतो पण वॉरंटी असेल तर हात लावू नका. फोन करताना मॉडेल, सिरियल नंबर, चाचणी लेबल आणि "शेवटचं काय बदललं" एवढं हाताशी ठेवा.

नवीन घेणार असाल तर

एकाच मॉडेलचे दोन प्रिंटर घ्या, एक महाग आणि एक स्वस्त असे नको. तोच रोल, तीच रिबन, तोच ड्रायव्हर, एक पडला की केबल बदलली आणि काम चालू. थर्मल ट्रान्सफरच घ्या, आणि टीपीएनची बारीक अक्षरातली लेबलं असतील तर ३०० डीपीआय. वायफायपेक्षा इथरनेट. बॉक्स, रोल, पुठ्ठा यांचा भुगा उडतो म्हणून प्रिंटर क्लीनरूमच्या बाहेर राहील अशी जागा आणि तिथपर्यंत नेटवर्कची वायर आधीच काढून घ्या. स्कॅनर टू-डी वाचणारा हवा, औषधांच्या खोक्यांवर आता डेटामॅट्रिक्सचा चौकोन असतो आणि जुना लेझर स्कॅनर त्याच्यापुढे नुसताच लाल रेघ मारत बसतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा "चालतोय तोवर चालू दे" म्हणून ठेवलेला कोपऱ्यातला लेबलचा कॉम्प्युटरही बदला, पण आधी त्यावरचं लेबलचं सेटिंग आणि ड्रायव्हरची आवृत्ती लिहून घ्या. लेबल प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवर चालेल, शेजारचा लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नका, तो गरम होताना इतकी वीज ओढतो की यूपीएस सगळ्यांनाच घेऊन बसतो.